चार पौंडांचा विंगर: बिली मेरेडिथ आणि खेळाडूंच्या संघटनेची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रो या इंग्लिश फुटबॉल क्लबने संडरलँड क्लबकडून आल्फ कॉमन हा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू, एक हजार पौंडांना घेतला. एका फुटबॉलपटूसाठी तोवर कुणी एवढी रक्कम मोजली नव्हती. ती गेली संडरलँडच्या तिजोरीत. कॉमनला पगार म्हणून नियमाप्रमाणे आठवड्याला चार पौंडच मिळू शकत होते.

चार पौंडांची ही मर्यादा इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने १९०१ पासून लागू केली होती. जिंकल्याचा बोनसही बंद केला होता. त्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर असोसिएशनच्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्याला लाखाहून जास्त माणसं लोटली होती, म्हणजे खेळात पैसा नव्हता असं मुळीच नाही. त्यात १८९३ पासूनची आणखी एक अट होती. हंगाम संपला, करार संपला, तरी क्लबने नोंदणी सोडली नाही तर खेळाडूला लीगमधल्या, म्हणजे क्लबांच्या साखळी स्पर्धेतल्या, दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. मला तर पगाराच्या मर्यादेपेक्षा ही अट जास्त जाचक वाटते. कमी पगार एक वेळ माणूस सोसतो, पण दावणीला बांधलेलं राहणं कसं सोसणार?

हे मुकाट्याने न सोसणाऱ्यांत पुढे होता बिली मेरेडिथ. वेल्समधल्या चर्क गावचा, जन्म १८७४ चा. बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला आणि जमिनीखाली तट्टं हाकू लागला. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीकडे आला तरी सुरुवातीला खाणीतलं काम त्याने सोडलं नव्हतं. उजव्या बाजूच्या रेषेलगत चेंडू घेऊन पळायचा, अंगकाठी सडपातळ, पाय किंचित वाकडे आणि तोंडात दात कोरायची काडी. सामना कितीही रंगात आला तरी ती काडी तोंडातच. १९०४ च्या कपच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्धचा एकमेव गोल या कर्णधाराचाच. मँचेस्टर सिटीचा तो पहिला मोठा करंडक.

पुढच्याच वर्षी तो गोत्यात आला. अॅस्टन व्हिलाच्या अॅलेक लीकला सामना मुद्दाम हरण्यासाठी दहा पौंड देऊ केल्याचा ठपका त्याच्यावर बसला आणि बंदी आली. आपण हे क्लबच्या सांगण्यावरून केलं, असं त्याने पुढे सांगितलं. त्यामुळे त्याचा दोष धुऊन निघत नाही, हेही खरं. पण क्लबने हात वर केल्यावर त्याने तोंड उघडलं आणि सिटी मर्यादेपेक्षा जास्त पगार गुपचूप देते, हे बाहेर पडलं. १९०६ मध्ये सतरा खेळाडूंवर बंदी आली, सिटीकडून पुन्हा न खेळण्याच्या अटीसह. त्यांतले मेरेडिथ, सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर मँचेस्टर युनायटेडने उचलले. १९०८ मध्ये युनायटेडने पहिल्यांदा लीग जिंकली, त्यामागे ही माणसं होती.

एप्रिल १९०७ मध्ये युनायटेडचा थॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात चेंडूला डोकं लावल्यावर कोसळला आणि गेला. घरच्यांना भरपाई मिळाली नाही. त्याच डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात मेरेडिथ, युनायटेडचा कर्णधार चार्ली रॉबर्ट्स आणि इतरांनी खेळाडूंची संघटना उभी केली. पगाराची मर्यादा उठवणं आणि अपघाताची भरपाई या मुख्य मागण्या.

१९०९ मध्ये संघटना कामगार संघटनांच्या महासंघाकडे वळली, तसं असोसिएशनने फर्मान काढलं: संघटना सोडा, नाहीतर खेळ सोडा. बहुतेकांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी कप जिंकलेल्या युनायटेडच्या खेळाडूंनी दिले नाहीत. क्लबने दार बंद केलं, तेव्हा ते फॅलोफील्डच्या मैदानावर स्वतःच सराव करू लागले. तिथला एक फोटो आहे: खेळाडू ओळीने बसलेले आणि समोर पाटी, ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब, १९०९’. नोकरी आणि पगार दोन्ही धोक्यात असताना ती पाटी समोर धरायला छातीच लागते.

हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पण पगाराची मर्यादा कायम राहिली.

मेरेडिथ मात्र खेळत राहिला. मार्च १९२० मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वेल्सकडून खेळून त्याने इंग्लंडला इंग्लंडमध्येच हरवलं. १९२४ मध्ये सिटीकडून कपचा उपांत्य सामना खेळला तेव्हा एकोणपन्नाशीत होता. एप्रिल १९५८ मध्ये मँचेस्टरमध्येच गेला. कितीतरी वर्षं त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. पगाराची मर्यादा उठली जानेवारी १९६१ मध्ये. फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्सचा पगार आठवड्याला शंभर पौंड झाला.