ढगांत चंद्र दिसला नाही म्हणून संकष्टी मोडत नाही

इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षं ऐकू येतं: चंद्र दिसला नाही तर संकष्टी फुकट, आणि म्हणूनच नवस लांबला. हा समज चुकीचा आहे.

ज्या दिवशी चंद्रोदयाच्या वेळी कृष्ण चतुर्थी असते, त्या दिवशी संकष्टी. आभाळ भरलेलं असेल तर पंचांगातली वेळ उलटून गेल्यावर पूर्वेकडे तोंड करून ताम्हणात पळीभर पाणी, गंध, अक्षता आणि फूल घेऊन अर्घ्य द्यावं, आरती-नैवेद्य करून उपवास सोडावा.

खरी चूक चंद्रोदयाची वेळ पाहण्यात होते. भिंतीवरची दिनदर्शिका बहुधा मुंबईची वेळ देते. इंदूर मुंबईच्या सुमारे 3 अंश पूर्वेला, म्हणून चंद्र इथे सरासरी 12 मिनिटं आधी उगवतो. त्यात चंद्र आकाशात किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्यानुसार काही मिनिटांचा फरक पडतो. इंदूरची वेळ देणारं पंचांगच पाहा. उंच इमारतींआड चंद्र आणखी उशिरा दिसतो, तो दोष तुमचा नव्हे.

मूल, नोकरी, लग्न यांची वाट पाहून थकलेल्या बाईला ‘तुझंच काहीतरी चुकलं’ असं कृपा करून सांगू नका. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा. फळं-दूध घेतल्यानं व्रत बिघडत नाही.