लोलिट्रेम-निर्मितीचे जनुकीय नियंत्रण

लोलियम पेरेने या बारमाही राय गवतात वाढणाऱ्या एपिक्लोई फेस्टुकी (प्रकार लोली) या कवकात लोलिट्रेम-बी हे विष तयार करणारी जनुके व ती चालू-बंद ठेवणारी यंत्रणा. जुन्या ग्रंथांत हे कवक अ‍ॅक्रेमोनियम आणि नंतर निओटायफोडियम या प्रजातींत घातलेले आढळते. 2014 पासून वरील नाव रूढ आहे.

कवकतंतू गवताच्या पेशींमधील फटींत वाढतात व बियांतून पुढच्या पिढीत जातात. झाड बाहेरून निरोगीच दिसते. विष मुख्यतः पानांच्या खोडाला वेढणाऱ्या तळभागात साठते. त्यामुळे कुरण बुडापर्यंत चरले गेले की जनावरांना बाधा वाढते. बाधित मेंढीला पळवले तर पाय ताठरतात, ती कोलमडते आणि काही मिनिटांनी उठून पुन्हा चरू लागते. या विकाराचा कवकाशी असलेला संबंध 1981 मध्ये न्यूझीलंडमध्ये दाखवला गेला.

लोलिट्रेमची जनुके ‘एलटीएम’ या नावाने ओळखली जातात. प्रथम दहा जनुके तीन तुकड्यांत विखुरलेली सापडली. मधल्या जागेत उड्या मारणाऱ्या जनुकांचे, म्हणजे रेट्रोट्रान्सपोझॉनांचे, अवशेष भरलेले आहेत. या जनुकसमूहाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पॅक्सिलीन हे रचनेने जवळचे विष तयार करणाऱ्या पेनिसिलियम पॅक्सिली या दूरच्या कवकात यांतील काही जनुकांचे जोडीदार, म्हणजे मिळतीजुळती जनुके, आहेत. एलटीएम-एम हे जनुक त्या कवकातील निकामी जोडीदाराचे कामही भागवते. यावरून समूह एका कवकातून दुसऱ्यात आडवा गेला असावा, असे एक मत आहे. मात्र एपिक्लोईच्याच कुलातील क्लॅव्हिसेप्स पास्पाली या कवकातही असा समूह आहे. तेव्हा निदान या कुलापुरता तरी तो समान पूर्वजाकडून आला आणि अनेक शाखांत गळाला, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रयोगशाळेतील बशीत एकट्याने वाढवलेल्या कवकात ही जनुके जवळजवळ मूक असतात. गवतात शिरल्यावरच ती जोमाने चालतात. समूह गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे आणि तेथील हिस्टोन एच-3 या, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एका प्रथिनाच्या 9 व 27 क्रमांकांच्या लायसिनांवर (अमिनो आम्लांवर) बसलेले मिथिल गट त्याला दाबून ठेवतात. वनस्पतीत या खुणा विरळ होतात. त्या लावणारी विकरे काढून टाकली असता, 2014 च्या प्रयोगांत, कवक बशीतही ही जनुके चालवू लागले. वनस्पतीकडून मिळणाऱ्या नेमक्या संकेताबाबत मात्र एकवाक्यता नाही.

कवकाच्या एआर-1 या निवडक वाणात लोलिट्रेम-बी तयार होत नाही. किडींना दूर ठेवणारे पेरामीन मात्र तयार होते.