जुनाच चेहरा, नवा डॉक्टर

२३ ऑक्टोबर २०२२ रोजी बीबीसीवरच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेत जोडी व्हिटेकरची तेरावी डॉक्टर सोनेरी प्रकाशात विरली आणि तिच्या जागी चौदावा डॉक्टर म्हणून डेव्हिड टेनंट उभा राहिला. दहावा डॉक्टर म्हणून २००५ ते २०१० या काळात तो घराघरांत पोहोचला होता. २००५ साली नव्या देहात आल्या आल्या त्याला तोंडातले नवे दात विचित्र वाटले होते. या वेळी दात ओळखीचे लागले आणि तो चक्रावला. कालप्रवासी डॉक्टरला अनोळखी देहाची सवय असते, पण वापरून झालेला चेहरा परत मिळणे त्याला नवे होते.

मरण्याऐवजी नवा देह घेण्याची, म्हणजे कायापालटाची, ही कल्पना निघाली अडचणीतून. १९६३ पासून डॉक्टर साकारणाऱ्या विल्यम हार्टनेलची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा निर्माते इनेस लॉइड यांनी मालिका बंद न करता नट बदलला. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात हार्टनेलचा पॅट्रिक ट्रॉटन झाला. पुढच्या कथेत पहिल्या डॉक्टरची अंगठी दुसऱ्याच्या बोटात सैल होते. देह खरोखर बदलला, हे एवढ्याशा गोष्टीतून पटते. २९ ऑक्टोबरचा तो संपूर्ण भाग आज बीबीसीकडे नाही. कायापालटाचा तुकडा मात्र ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरला गेल्यामुळे वाचला.

नियम नंतर एकेक करून आले. कायापालटासाठी ‘रिजनरेशन’ हा शब्द १९७४ मध्ये रुळला. १९७६ मध्ये मर्यादा ठरली : टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या परग्रही जमातीतल्या कुणालाही, १२ कायापालट, म्हणजे १३ देह. हा परकायाप्रवेश नव्हे. दुसऱ्याचा देह घ्यायचा नसतो, स्वतःच्याच पेशी नव्याने घडतात. त्यामुळे सुरुवातीचे काही तास शरीर अस्थिर असते, स्मृती आणि स्वभावही डळमळतात.

टेनंटच्या बाबतीत हे तासच निर्णायक ठरले. २००५ च्या नाताळ विशेष भागात तलवारीच्या लढाईत त्याचा हात तुटला. कायापालटाला १५ तास झालेले नसल्याने नवा हात उगवला आणि तुटलेला हात पुढे बरणीत जपला गेला. २००८ मध्ये डालेक या यंत्रकवचातल्या जुन्या शत्रूचा मारा लागल्यावर त्याने कायापालट सुरू होऊ दिला, तेवढ्यात जखमा भरून घेतल्या आणि उरलेली ऊर्जा त्या हातात सोडली. चेहरा तोच राहिला, पण एक कायापालट खर्ची पडला. जॉन हर्टचा ‘वॉर डॉक्टर’ (क्रमांकांत न मोजलेला एक देह) आणि हा न दिसलेला बदल धरल्यामुळेच २०१३ मध्ये मॅट स्मिथचा अकरावा डॉक्टर शेवटच्या देहात असल्याचे निघाले. टाइम लॉर्डांच्या गॅलिफ्रे ग्रहाने कायापालटांचे नवे चक्र दिले म्हणून तो वाचला. बरणीतल्या त्याच हाताला स्पर्श झाल्याने दहाव्या डॉक्टरची सोबतीण डॉना नोबल हिच्या डोक्यात टाइम लॉर्डचे मन शिरले. माणसाच्या मेंदूला ते पेलवत नाही, म्हणून डॉक्टरने तिची स्मृती पुसली. आठवले तर मृत्यू, असा तो सौदा होता.

चेहरा आपोआप मिळतो की निवडला जातो, याचे उत्तर मालिकेने सावकाश दिले. १९७९ मध्ये डॉक्टरसोबतच्या रोमाना या टाइम लॉर्डने ओळखीच्या राजकन्येचे रूप घेतले. पीटर कपाल्डीने २००८ मध्ये पॉम्पेईतल्या एका गृहस्थाची भूमिका केली होती. २०१५ मध्ये त्याच्या बाराव्या डॉक्टरला उमगले की तो चेहरा त्याने स्वतःला आठवण देण्यासाठी घेतला, शक्य तेव्हा माणसे वाचवायची. हा धागा धरला, तर टेनंटचे परतणे साठाव्या वर्धापनदिनाची केवळ भेट ठरत नाही.

२५ नोव्हेंबर २०२३ च्या ‘द स्टार बीस्ट’मध्ये तो चेहरा त्याला थेट डॉनापाशी नेतो. तिच्यावर आपले प्रेम आहे, असे तो सहज बोलून जातो आणि मग हल्ली आपण असे बोलतो का, म्हणून स्वतःच थबकतो. दहावा असे उघड बोलायला बिचकायचा. देहाची ठेवण तीच, पण मधल्या तिघांचे आयुष्य आत साठलेले, हे लेखक रसेल टी. डेव्हिस एवढ्यातच दाखवतात. डॉना या वेळी वाचते, कारण त्या मनाचा भार तिची मुलगी रोझ हिच्यातही वाटला गेला होता.

९ डिसेंबर २०२३ च्या ‘द गिगल’मध्ये एक देह संपून दुसरा आला नाही, चौदाव्यातून शूटी गॅटवाचा पंधरावा वेगळा झाला आणि दोघेही राहिले. चौदावा थकलेला आहे, त्याने थांबून स्वतःला सावरावे, हे पंधराव्यानेच त्याला सांगितले. तू बरा होतोस म्हणूनच मी बरा आहे, ही त्यामागची कालप्रवाशाची उलटी संगती. चौदावा डॉनाच्या कुटुंबात राहिला, पंधरावा दुसरी टार्डिस, म्हणजे डॉक्टरचे कालयान, घेऊन निघाला.