‘बॅच’मध्ये कोण कोण? दहावीच्या स्नेहमेळाव्यांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात गेलात, तर एखाद्या तरी शाळेच्या पटांगणात मांडव दिसतो. कमानीवर साल लिहिलेलं असतं. पन्नाशीच्या आसपासची माणसं फेटे बांधून रांगेत उभी असतात. आधी प्रार्थना, मग हजेरी, मग सरांचा आणि बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि जेवणानंतर अंधार पडेपर्यंत नुसत्या आठवणी. हे सगळं आता अंगवळणी पडलंय. पण या मांडवात कोणाला बोलवायचं यावर प्रत्येक वर्षाच्या मंडळींत जुंपते. वर्गणीचा आणि जेवणाचा वाद नंतर येतो, पहिला वाद यादीचा. तो समजून घ्यायचा तर ‘बॅच’ या शब्दाच्या पोटात शिरावं लागतं.

आमच्या वडलांच्या पिढीत हा शब्द नव्हता. ते म्हणायचे, ‘हा माझ्या वर्गातला’, ‘माझ्या बरोबरीचा’, फार तर ‘आमच्या तुकडीचा’. तुकडी म्हणजे एका खोलीत, एका फळ्यासमोर बसलेली पोरं. कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं याच्याशी त्या शब्दाचा संबंध नव्हता. ‘बॅच’ आली ती आयटीआय, पॉलिटेक्निक आणि शिकवणीवर्गांच्या वाटेने. तिथे माणूस ओळखला जातो तो बाहेर पडल्याच्या सालावरून. शाळेच्या मित्रांना तो शब्द चिकटला आणि त्याच्याबरोबर निकालाचं मापही आलं. ‘९४ ची बॅच’ म्हणजे १९९४ च्या मार्चमध्ये दहावी सुटलेले. मग पाचवीपासून नववीपर्यंत शेजारी बसलेला, पण दहावीपर्यंत पोचलाच नाही, तो कुठल्या सालाचा?

त्याही आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न वेगळ्या रीतीने भेडसावत होता. कुणी सातवीची ‘फायनल’ देऊन मास्तर झालं, कुणी मॅट्रिकपर्यंत गेलं, आणि जिथे शाळा सुटली तेच त्या माणसाचं साल झालं. राज्याचं आजचं परीक्षा मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झालं, तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला होती. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि १९७५ साली एकाच वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन वर्गांनी शालान्त परीक्षा दिली. म्हणून आजही अनेक गावांत स्वतःला ‘७५ ची बॅच’ म्हणवणारे दोन वेगळे गट भेटतात. त्यांच्यात एका इयत्तेचं अंतर आहे, म्हणजे शाळेच्या हिशेबात एक अख्खी पिढी. त्यांचे मेळावे वेगळे होतात आणि दोघांच्या कमानीवर साल तेच असतं.

मला जास्त ठाऊक आहे तो १९८८ ते १९९४ चा काळ, कारण त्या वर्षांत मी बार्शीत पाचवी ते दहावी शिकत होतो. आमचं साल ओळखायची खूण सोपी आहे. दहावीच्या सहामाहीच्या तोंडावर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. हादरे आमच्यापर्यंत आले आणि पुढच्या कितीतरी रात्री गाव अंगणात झोपलं. आमच्याआधीचे दुष्काळावरून ७२ साल सांगतात, तसं आम्ही भूकंपावरून ९४ सांगतो.

तेव्हाच्या तालुक्याच्या शाळेत वर्ग भरायचा कसा, ते पाहिलं की यादीचा गुंता लगेच कळतो. आजूबाजूच्या गावांत जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. त्यामुळे काही पोरं पाचवीत गावात येत, काही थेट आठवीत. पांगरी, कुसळंब, शेंद्री या बाजूची मुलं बार्शी लाइटने येत. १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झालेली ही अडीच फुटी रुळांची गाडी आमच्या काळातही विद्यार्थी पासावर पोरं आणत होती. आमच्या वर्गात पांगरीचा एक मुलगा होता, त्याचं नाव ‘पाशिंजर’ पडलं होतं. पहिल्या तासाला तो दारात उभा राहिला की सर काही विचारायच्या आतच म्हणायचा, ‘गाडी लेट, सर.’ एक दिवस तो दुपारच्या सुट्टीनंतर उगवला. सरांनी विचारलं, ‘आज एवढी लेट?’ तर म्हणाला, ‘न्हाई सर, आज टायमात आली, म्हणून चुकली.’ सर खुर्चीत बसून इतके हसले की तास तिथेच संपला.

हा मुलगा दहावीला आमच्याबरोबर नव्हता. नववीत गणित आणि इंग्रजी राहिलं. त्या काळात दहावीच्या निकालाची टक्केवारी राखायला नववीतच चाळणी लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. कच्च्या पोरांना नववीत बसवायचं किंवा पालकांना बोलावून दाखला हातात द्यायचा. मग ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून परीक्षा द्यायची. पाशिंजरने तेच केलं. परीक्षा त्याने आमच्याच मार्चमध्ये दिली, दोन विषय राहिले, ते ऑक्टोबरमध्ये काढले. आता त्याचं साल १९९४ आहे, परीक्षा आमचीच आहे, फक्त शाळेच्या निकालपत्रकात त्याचं नाव नाही. तुकडीच्या मापाने तो आमचा आणि बॅचच्या मापाने परका. पण आमच्या मेळाव्यात सगळ्यात जास्त वेळा जो किस्सा सांगितला जातो, तो त्याचाच आहे.

माझं म्हणणं इथेच आहे. गावाकडच्या शाळेतला विनोद पहिल्या बाकावर कमी आणि शेवटच्या बाकावर जास्त जन्मला. ज्याला उत्तर येत नव्हतं, त्यालाच काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी लागायची. टोपणनावं पाडणारे, तपासणीला आलेल्या साहेबांची चाल करून दाखवणारे, बाईंचा आवाज हुबेहूब काढणारे यांतले कितीतरी आठवी-नववीत गळाले. आठवणींचा मेळावा भरवायचा आणि आठवणी घडवणाऱ्यांनाच वगळायचं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

काही किस्से अर्थात कुणा एकाचे नसतात. तपासणीच्या दिवशी ‘उत्तर येतं त्यांनी उजवा हात वर करा, येत नाही त्यांनी डावा, पण हात सगळ्यांनी वर करा’ असं गुरुजींनी आधीच पढवून ठेवल्याचा किस्सा सगळीकडे आपल्याच शाळेत घडला म्हणून सांगतात. बार्शीतही सांगतात, करमाळ्यातही. पाशिंजरचा किस्सा मात्र त्या गाडीशिवाय दुसऱ्या गावात घडूच शकत नाही, आणि म्हणून तो जपायला हवा.

मोबाईल येण्याआधी भेटी व्हायच्या, पण वर्ग म्हणून नव्हे. दिवाळीला, आषाढीला, कुणाच्या लग्नात, बाजार समितीच्या आवारात. शाळेचा सुवर्णमहोत्सव असला तर स्मरणिका निघायची, देणगीदारांची नावं छापली जायची आणि व्यासपीठावर मोठ्या हुद्द्यावर गेलेले माजी विद्यार्थी बसायचे. बाकीचे मांडवाच्या कडेला उभे राहून बघायचे. नंतर पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांनी ऑर्कुटवर एकमेकांना शोधलं, पण गावात अडत दुकानावर बसणाऱ्याला किंवा टेम्पो चालवणाऱ्याला त्याचा काही पत्ता नव्हता. त्या काळात ‘बॅच’ म्हणजे व्यवहारात ‘अ’ तुकडीच होती.

व्हॉट्सअ‍ॅपनेही हे एका झटक्यात बदललं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत एका ग्रुपमध्ये १०० जणच मावत. अ ते ड अशा चार तुकड्यांची शाळा, एकेका तुकडीत साठ-साठ पोरं. ती सगळी एका ग्रुपमध्ये बसणं शक्य नव्हतं, म्हणून ग्रुप तुकडीवार झाले. मग मर्यादा २५६ वर गेली आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं. स्वस्त डेटामुळे स्मार्टफोन वापरणं हमालापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना परवडायला लागलं आणि चारही तुकड्या पहिल्यांदा एका ठिकाणी आल्या. मेळाव्यांची आजची लाट मला तरी इथून सुरू झालेली दिसते. पहिल्याच जून महिन्यात सगळ्यांना एक गंमत कळली. १ तारखेला वाढदिवसांची रांग लागली, थांबेना. जन्माची नोंद नसलेल्या पोरांची तारीख शाळेत घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहीत. ग्रुपवर दिवसभर केक कापले जात होते आणि ज्यांचा वाढदिवस होता त्यांच्यातल्या अर्ध्याअधिकांना आपला खरा दिवस माहीत नव्हता.

आमच्या मेळाव्याची यादी करायला बसलो तेव्हा तीन मतं पडली. पहिलं, १९९४ च्या मार्चचं शाळेचं निकालपत्रक हाच आधार. म्हणणारे सरळ मनाने म्हणत होते, कुठेतरी रेघ ओढावी लागते, नाहीतर मागच्या-पुढच्या दोन्ही वर्षांची अख्खी शाळा येईल. दुसरं मत, पाचवीचा हजेरीपट घ्या, सुरुवात जिथून झाली तिथूनच मोजा. माझं मत आधी हेच होतं. मग आठवीत खेड्यातून आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘म्हणजे मी तुमची नव्हेच का?’ तिचं बरोबर होतं. पाचवीचं माप लावलं तर गळालेले आत येतात आणि नंतर आलेले बाहेर पडतात. शेवटी तिसरं मत मान्य झालं: पाचवी ते दहावी या सहा वर्षांत ज्याचं नाव आमच्या कुठल्याही तुकडीच्या हजेरीपटावर एक वर्ष का होईना लागलं, तो आमचा. आमच्या आधीच्या बॅचमधून नापास होऊन आमच्यात आलेलेही आमचेच, आणि आमच्यातून मागे राहून पुढच्या वर्षात गेलेलेही. असे काहीजण आता दोन बॅचच्या दोन मेळाव्यांना जातात, दोन्हीकडे फेटा बांधतात. त्यात काय बिघडलं?

हा निर्णय सगळ्यांना रुचला नाही. काहींनी ग्रुप सोडला, एकाने वर्गणी परत मागितली. त्यांचा मुद्दा मी वर मांडला आहे, पण मला तो पटत नाही.

मुलींच्या नावांचा पेच त्याहून अवघड निघाला. हजेरीपटावर माहेरचं नाव, फोनमध्ये सासरचं आडनाव, आणि पुष्कळ ठिकाणी लग्नात बदललेलं पहिलं नावसुद्धा. आठवी-नववीत लग्न झालेल्या मुली तर दाखल्यापुरत्याच उरल्या. काही मैत्रिणींना घरून परवानगी नव्हती म्हणून त्या आधी फक्त मुलींच्या ग्रुपमध्ये राहिल्या आणि वर्षभराने मोठ्या ग्रुपमध्ये आल्या. हजेरी घेताना त्यांचं पूर्ण माहेरचं नाव वाचायचं, हे मैत्रिणींनीच ठरवलं. तीस वर्षांनी वडलांच्या नावासकट आपलं नाव मोठ्याने ऐकून एकीला ‘हजर’ म्हणताच आलं नाही. शेजारच्या दोघींनी तिच्या वतीने म्हटलं.

पुढच्या पिढीत हा वाद याच रूपात उरणार नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. नंतर २०१९ ची दुरुस्ती आली आणि राज्यात पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. तरी मधल्या वर्षांतली मुलं बहुतेक एकाच वाटेने नववीपर्यंत गेली. त्यांचा हजेरीपट आणि निकालपत्रक बऱ्याच अंशी जुळेल. यादीचं भांडण खऱ्या अर्थाने १९७५ ते २०१० मधल्यांचं आहे. बार्शी लाइटही आता नाही. कुर्डुवाडी-लातूर मार्गावर रुंद रूळ पडले आणि ती छोटी गाडी गेली.

आमच्या यादीत अजून चार नावं सापडायची आहेत. एक मुलगा सहावीत साखर कारखान्याच्या तोडीवर आई-वडलांबरोबर गेला तो परत आला नाही. तिघी मुली आहेत. त्यांच्या माहेरची घरं गावात उरली नाहीत आणि सासरची गावं कुणालाच ठाऊक नाहीत. दिवाळीआधी पांगरीच्या आणि येडशीच्या बाजारात जाऊन जुन्या माणसांना विचारायचं ठरलं आहे. पांगरीला पाशिंजरच जाणार आहे.