वाघनखं परत आली की फक्त मुक्कामाला आली?

जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा गर्दी तुफान झाली, पण ती आली होती तीन वर्षांच्या लोनवर. आपलीच वस्तू आपल्याला उसनी का, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडला.

त्यातली मेख अशी की त्या म्युझियमला 1983 चा एक ब्रिटिश कायदा लागू आहे आणि थोडे अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायची ट्रस्टींना परवानगीच नाही. शिवाय ती महाराजांचीच की नाही हे सिद्ध करता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. पेटीवर लिहिलंय की साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ यांना ती 'पेशव्याच्या पंतप्रधानाने' दिली. आता पेशवा स्वतःच पंतप्रधान, मग त्याचा पंतप्रधान कोण ते काही कळत नाही! आणि 'दिली' हा शब्दही जरा सांभाळूनच घ्यायचा, 1818 ला पेशवाई बुडाल्यावर रेसिडेंटला नाही म्हणायची टाप कोणाची होती?

बरं, आंतरराष्ट्रीय कायद्याचं काय? तिथे सगळं तारखेवर अडतं. युद्धात लुटालूट करायची नाही हे 1899 च्या हेग करारात आलं, आणि तेही सही केलेल्या देशांपुरतं. ब्रिटिशांनी आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं ते 1897 मध्ये, म्हणजे अवघी दोन वर्षं आधी. मग सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध 1970 चा युनेस्को करार झाला, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना त्यात जुनी लूटही हवी होती पण तो मागच्या काळाला लागू होत नाही, आणि भारत त्यात आला 1977 ला तर ब्रिटन थेट 2002 ला. म्हणजे वाघनखांच्या वेळचं 1818 काय किंवा कोहिनूर इंग्रजांकडे गेला ते 1849 काय, दोन्ही कराराच्या बाहेरच.

मग वस्तू परत येतात त्या सरकारांनी मनावर घेतलं तर. नेदरलँड्सने 2021 मध्ये धोरण केलं, वसाहतीतून मर्जीविरुद्ध नेलेलं मागितलं तर परत द्यायचं, आणि 2023 मध्ये इंडोनेशिया आणि श्रीलंकेला मिळून 478 वस्तू देऊन टाकल्या, त्यात 1894 ला इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या राजवाड्यातून लुटलेला खजिनाही होता. लोन नाही, मालकीसकट.

आणि वस्तू खासगी माणसाकडे असेल तर सरळ बोली लावा. नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनला लिलावात निघाली, 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती गेली असावी असा अंदाज. पातं युरोपियन, म्हणून तिला फिरंग म्हणायचं, आणि पाठीवर देवनागरीत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा' असं चक्क मालकाचं नाव, पदवीसकट. तरी महाराष्ट्र सरकारला ती सुमारे 47 लाख मोजूनच आणावी लागली.