आटपाट नगराला पिनकोड नसतो: हाय फँटसी आणि लो फँटसीचा घोळ

परवा आमच्या वाचनवाल्या ग्रुपवर मी एक साधा प्रश्न टाकला. भाची अकरा वर्षांची आहे, हॅरी पॉटर दोनदा वाचून झालंय, आता लो फँटसीमधलंच अजून काहीतरी सुचवा. दहा मिनिटांत एका काकांचं उत्तर आलं, "ज्यो ऍबरक्रॉम्बी दे, एकदम लो फँटसी, मॅजिक फार नाहीये." ज्यांनी वाचलंय त्यांना इथेच ठसका लागला असेल. बाकीच्यांसाठी सांगते, त्याच्या 'द ब्लेड इटसेल्फ' (२००६) मधला ग्लोक्टा नावाचा माणूस शत्रूच्या कैदेत छळ सोसून आलाय आणि आता तेच काम सरकारी पगारावर दुसऱ्यांवर करतो, आणि तो पुस्तकातल्या मुख्य पात्रांपैकी एक आहे. मला स्वतःला भयंकर आवडतो तो. पण अकरा वर्षांच्या पोरीला?

काकांचा तरी काय दोष, सगळीकडे हेच लिहून ठेवलेलं असतं. जादू जास्त असली की हाय, जादू कमी असली की लो, जसा काही पंख्याचा रेग्युलेटर. मग त्या हिशेबाने गेम ऑफ थ्रोन्स लो आणि हॅरी पॉटर हाय. आहे बरोबर उलटं. तलावपाळीच्या कट्ट्यावर, ऐरोलीच्या गाडीत लटकताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात धरून मी हे समजावलंय, आता एकदाच लिहून टाकते.

हाय फँटसी, म्हणजे लेखकाने बनवलेल्या वेगळ्याच जगातली गोष्ट, तुम्हाला माहितीच आहे. टोलकिनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५), पुस्तक उघडलं की नकाशा, नकाशात सगळी नावं अनोळखी, एल्फ, बुटके, मागे हजारो वर्षांचा इतिहास. यावर जास्त शाई घालवत नाही.

आता घोळ कुठे होतो ते बघू. श्रावणात आजी शुक्रवारची कहाणी वाचायची ती आठवते का, ज्यात गरीब बहीण भावाकडे जेवायला जाते, भाऊ तिला पंगतीतून उठवतो, आणि पुढे तिचे दिवस पालटल्यावर तोच भाऊ आग्रहाने बोलावतो तेव्हा ती ताटातलं एकेक पक्वान्न उचलून दागिन्यांवर ठेवते? या गोष्टीत जादू किती आहे? देवीच्या कृपेने दिवस पालटले, बास. बाकी सगळं भावाबहिणीतलं, कुठल्याही घरात घडेल असं. पण सुरुवात काय होते? आटपाट नगर होतं. संपलं. त्या दोन शब्दांत आजीने सांगून टाकलं की हे आपलं गाव नाही, हे कुठल्या तालुक्यात आहे ते विचारू नका, इथे एसटी जात नाही.

आता ही दुसरी सुरुवात वाचा. ठाण्याच्या नौपाड्यात एका जुन्या चाळीत एक काकू राहायच्या, आणि त्यांच्या माळ्यावरच्या पितळी डब्यात एक राक्षस होता. राक्षस केवढाही करा, त्याला शंभर मंत्र द्या, येऊरचा डोंगर उचलून उपवनच्या तलावात टाकायला लावा, तरी ही लो फँटसीच राहणार. कारण नौपाडा खरा आहे आणि त्याला पिनकोड आहे. आटपाट नगराला पिनकोड नसतो. हाय आणि लो यांच्यातला फरक एवढाच आहे, गोष्ट कुठल्या पत्त्यावर घडते. जादू किती लिटर ओतली याचा त्याच्याशी संबंध नाही.

टोलकिनने १९३९ साली परीकथांवर एक भाषण दिलं होतं, त्यात तो लेखकाने निर्माण केलेल्या जगाला 'सेकंडरी वर्ल्ड' म्हणतो आणि आपल्या रोजच्या जगाला 'प्रायमरी'. लॉइड अलेक्झांडरच्या १९७१ च्या लेखामुळे 'हाय फँटसी' हा शब्द रुळला, आणि मग झाहोर्स्की आणि बॉयर या अभ्यासकांनी सरळ वाटणी करून टाकली, दुसऱ्या जगात घडते ती हाय, आपल्या जगात घडते ती लो. यातलं 'हाय' हे उच्च शैली, भारदस्त वीरकथा या अर्थाचं आहे, हाय प्रोटीन किंवा हाय बीपीमधलं नव्हे.

आता पिनकोड लावून बघा. हॅरीला हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं पहिलं पत्र येतं त्यावर काय लिहिलेलं असतं? जिन्याखालचं कपाट, ४ प्रिव्हेट ड्राइव्ह, लिटल विंजिंग, सरे. अहो, पत्रावर पत्ता आहे! सरे ही इंग्लंडमधली खरीखुरी काउंटी आहे. पुढे किंग्ज क्रॉस स्टेशन, तेही खरं, फक्त पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म खोटा (ज्या माणसाने ठाणा स्टेशनवर १० आणि १० अ मध्ये गोंधळून पनवेल गाडी सोडलीय त्याला तोही फार खोटा वाटत नाही). यावर लोक म्हणतात, पण हॉगवर्ट्स तर वेगळंच जग आहे ना? नाही हो. ते स्कॉटलंडमध्ये आहे, जादू मंत्रालय लंडनच्या खाली आहे, आणि सहाव्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात जादूमंत्री साध्या ब्रिटिश पंतप्रधानाच्या ऑफिसात येऊन परिस्थिती सांगून जातो. दोन सरकारं, एकच देश. जादू पोत्याने आहे, तरी लो.

आणि गेम ऑफ थ्रोन्स (१९९६)? मुळात तिथे जादू कमी आहे हेच मला पटत नाही, पुस्तकाची सुरुवात बर्फातल्या मेलेल्या माणसांनी होते आणि शेवट ड्रॅगनच्या पिल्लांनी. पण समजा, चला, कमी आहे. तरी त्या जगात उन्हाळा वर्षानुवर्षं चालतो आणि हिवाळा कधी येईल, किती टिकेल ते कुणाला माहीत नाही. सात जूनला पाऊस आला नाही तर आपण आभाळाकडे बघत बसतो, आणि तिथे ऋतूंना कॅलेंडरच नाही. ती पृथ्वी आपली नाही. ड्रॅगन, भुतं सगळं काढून टाका, नुसते ऋतू ठेवा, तरी ते आटपाट नगरच. म्हणजे हाय. रक्त, चिखल, शिव्या, पलंगावरचे सीन, यांनी गोष्ट 'लो' होत नाही. त्या सगळ्याला वेगळा शब्द आहे, ग्रिमडार्क. तो वापरा ना, फुकट आहे.

याच्याही पुढे जायचं तर गोर्मेनगास्टची पुस्तकं बघा (पहिलं १९४६). एक अवाढव्य किल्ला, त्यातले विधी, आचाऱ्याची मारामारी, आणि जादू जवळजवळ शून्य, कुणी मंत्र म्हणत नाही, कुणी उडत नाही. पण तो किल्ला जगाच्या कुठल्याही नकाशात नाही. माझ्या मते जादू मोजणाऱ्या लोकांच्या तोंडावर फेकायला याच्याइतकं वजनदार उदाहरण नाही, पुस्तकही तेवढंच जाड आहे.

उलट बाजूचं उदाहरण ठाणेकरांसाठी मीच बनवलंय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावलेली. आता समजा मी अशी कादंबरी लिहिली की ती इंजिनं नव्हतीच, तीन ड्रॅगन होते, आणि ठाण्याची माणसं रोज त्यांना कोळसा खाऊ घालायची. पानोपानी ड्रॅगन. तरी लो, कारण बोरीबंदर आहे, ठाणं आहे, तारीख आहे. असलं खरोखर लिहिलं गेलंय, नाओमी नोविकच्या टेमेरेअर मालिकेत नेपोलियनच्या लढायांत दोन्ही बाजूंचे ड्रॅगन लढतात.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. मी आधी एक दुसरी टेस्ट सांगत फिरायचे, की जादू दिसल्यावर पात्र "हे कसं शक्य आहे?" म्हणून ओरडलं तर लो, आणि शांतपणे चहा पीत राहिलं तर हाय. बहुतेक वेळा चालते ती. झपाटलेला (१९९३) आठवा, आख्खा सिनेमा त्यावरच उभा आहे की बाहुला बोलतो हे लक्ष्या जीव तोडून सांगतोय आणि कुणी ऐकायला तयार नाही. तात्या विंचू आटपाट नगरात असता तर लोकांनी त्याला राम राम केला असता आणि पुढे गेले असते, सिनेमा दहा मिनिटांत संपला असता. पण टेमेरेअरमध्ये ड्रॅगन बघून कुणी दचकत नाही, ते नौदलासारखंच एक दल आहे, तिथे ही टेस्ट आपटते. म्हणून पिनकोडच धरा.

पिनकोडही एका ठिकाणी अडखळतो, आणि चतुर माणसं नेमकी तिथेच पकडतात. टोलकिनने स्वतः सांगितलंय की मिडल-अर्थ (लॉर्ड ऑफ द रिंग्जचं जग) ही आपलीच पृथ्वी, कल्पनेतल्या फार जुन्या काळातली. व्हील ऑफ टाइमचं (१९९०-२०१३, चौदा जाडजूड खंड) तर त्याहून अवघड, तिथल्या एका म्युझियममध्ये वर्तुळात चांदणी असलेली एक चकचकीत वस्तू ठेवलेली असते आणि वाचकांनी ओळखलं, ही तर मर्सिडीजची खूण! म्हणजे आपलाच काळ, युगांच्या पलीकडून. मग हे लो का? माझं उत्तर, नाही. टपाल खातं निघायच्या आधीची किंवा बुडाल्यानंतरची पृथ्वी, तिथे पत्र टाकायची सोय नाही. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या फ्रोडोच्या गावाहून मुंबईला येणारी वाट कुठल्याच पानावर नाही. आपल्या जगाचा गोष्टीला काही उपयोग होत नसेल तर ते जग दुसरंच समजायचं. नार्नियात उपयोग होतो, पोरं महायुद्धातल्या इंग्लंडमधून कपाटातून तिकडे जातात, पण खरी लढाई कपाटापलीकडे होते म्हणून मी त्याला हायमध्येच टाकते. कुणाला वेगळं 'पोर्टल' म्हणायचं असेल तर म्हणा, भांडणार नाही.

हेही मान्य करते की 'लो फँटसी' हा शब्द कमी जादूच्या, रखरखीत गोष्टींसाठीही वर्षानुवर्षं वापरला जातोय, खासकरून गेम खेळणाऱ्या मंडळींत. शब्द असे घसरतातच. पण त्या अर्थासाठी 'लो मॅजिक' आहे, ग्रिमडार्क आहे, आणि पत्त्याच्या फरकासाठी मात्र दुसरा एवढा सुटसुटीत शब्द नाही, मग आहे तो कशाला वाया घालवायचा?

बाकीचे शब्द पटापट. एपिक म्हणजे गोष्टीचा पसारा मोठा, राज्य नाहीतर जग पणाला, बहुतेक एपिक हाय असतात म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, चालतंय. अर्बन फँटसी ही बहुतेक लो फँटसीची शहरातली गल्ली. ड्रेस्डन फाइल्स या पुस्तकांचा नायक शिकागोत राहतो आणि त्याचं नाव चक्क फोनच्या डिरेक्टरीत 'विझर्ड' या सदराखाली आहे, पत्ता म्हणजे अजून काय पाहिजे. तुंबाड (२०१८) हा सिनेमा तर आपल्या कोकणातलाच, खेड तालुक्यात त्या नावाचं गाव आहे, त्यातला हस्तर नावाचा राक्षस किती वेळा दिसतो याच्याशी मतलब नाही, लो.

एवढं डोकं का लावायचं तर वाचायची तऱ्हा बदलते म्हणून. हाय फँटसीत पहिली शंभर पानं तुम्ही त्या गावात नवे भाडेकरू असता, नाणी शिका, देव शिका, कोण कुणाचा मेहुणा ते शिका, आणि ज्याला हे आवडत नाही त्याला कितीही कमी जादूचं पुस्तक दिलं तरी तो पन्नासाव्या पानावर बंद करणार. लो फँटसीत गाव ओळखीचं असतं, धडा शून्य, मजा सगळी त्या एका फटीत असते जिथून काहीतरी आत आलंय. भाचीला ती फट हवी होती. चिखल नको होता आणि नकाशाही नको होता.

शेवटी मी तिला पर्सी जॅक्सन दिलं. त्यात ग्रीक देवांचं ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर असतं, आणि त्या इमारतीला खरे मजले आहेत १०२. आमच्या बिल्डिंगला सात. काल खालून वर येताना बघितलं तर ती लिफ्टमध्ये सातच्या बटणावरची मोकळी पत्र्याची जागा बोटाने दाबून बघत होती. मला म्हणाली, "मावशी, जोरात दाबायचं असतं का?"