कोरूटीन (सी भाषेतील)

मध्येच थांबून दुसऱ्याकडे नियंत्रण सोपवणारे आणि पुन्हा बोलावल्यावर थांबल्या जागेपासून पुढे चालणारे फंक्शन. मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये ही संज्ञा योजली. सी भाषेत ही सोय अंगभूत नाही. ती हाताने बांधावी लागते आणि बांधताना मुख्य प्रश्न एकच पडतो : थांबलेल्या फंक्शनचा स्टॅक (त्याची लोकल चले आणि परतीचा पत्ता असलेली मेमरी) ठेवायचा कुठे?

पहिला मार्ग प्रत्येक कोरूटीनला स्वतंत्र स्टॅक देण्याचा. अदलाबदलीचा असेंब्ली कोड जेमतेम पंधरा ओळींचा असतो. ६४-बिट इंटेल प्रोसेसर आणि लिनक्स असेल, तर आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही सहा रजिस्टरे (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागा) चालू स्टॅकवर पुश करायची, आरएसपी (स्टॅकचा माथा दाखवणारे रजिस्टर) जुन्या कोरूटीनच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदीत, ठेवायचा, नव्याचा आरएसपी भरायचा, सहाही उलट क्रमाने पॉप करायची आणि शेवटी रेट ही परतण्याची सूचना. परतीचा पत्ता आता नव्या स्टॅकवरचा असल्याने रेट थेट नव्या कोरूटीनमध्ये उतरतो. घोळ होतो तो पहिल्या खेपेला. जे फंक्शन अजून सुरूच झालेले नाही, ते आधी थांबले होते असे भासवणारा स्टॅक रचून द्यावा लागतो. त्यात स्टॅकच्या पत्त्याची १६ बाइटांची जुळणी चुकली, तर प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी, बहुधा मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफच्या पोटात, कोसळतो.

स्वॅपकॉन्टेक्स्ट हे लायब्ररीतले फंक्शन ही अदलाबदल आयती करून देते. पण पॉझिक्स या युनिक्स-मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतून ते वगळले गेले. शिवाय ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये सिग्नल मास्कसाठी (कोणते सिग्नल रोखायचे त्या नोंदीसाठी) दर बदलाला एक सिस्टम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे (कर्नलकडे) फेरी, होतो. कर्नल टाळायलाच हा सारा खटाटोप, मग त्यात काय मिळवले?

दुसरा मार्ग स्टॅकविना. सांगली जिल्ह्यात तासगावकडच्या द्राक्षबागेसाठी ठिबकचा नियंत्रक एटीमेगा३२८पी या चिपवर बांधायचा म्हटला, तर रॅम अवघी २ केबी. आठ व्हॉल्व्हना २५६ बाइटांचा एकेक स्टॅक दिला की ती तिथेच संपली. अशा वेळी टॉम डफ यांच्या १९८३ च्या स्विच-युक्तीवरून निघालेली पद्धत कामी येते. यील्ड (नियंत्रण सोडणे) हा मॅक्रो चालू ओळीचा क्रमांक एका चलात ठेवून रिटर्न करतो. पुढच्या खेपेला स्विच त्याच केसवर उडी मारतो. ॲडम डंकेल्स यांचे प्रोटोथ्रेड याच जातीचे. ‘व्हॉल्व्ह उघड, वीस मिनिटे थांब, बंद कर’ हे बागायतदार सांगेल त्याच क्रमाने लिहिता येते. मात्र लोकल चले यील्डनंतर टिकत नाहीत, ती स्ट्रक्टमध्ये न्यावी लागतात. आणि आतून बोलावलेल्या साध्या फंक्शनमधून यील्ड करता येत नाही.

दोन्ही मार्गांत नियंत्रण आपणहून सोडावे लागते. त्यामुळे वाट पाहणे म्हणजे घड्याळ तपासून यील्ड करणे. एका व्हॉल्व्हच्या कोडमध्ये वीस मिनिटांचा डिले (यील्ड न करता जागीच थांबवणारी सूचना) राहून गेला, तर उरलेले सातही वीस मिनिटे जागचे हलत नाहीत.